उपनगरांतील औषधनिर्मिती आणि पेटंटचा कायदा

संशोधन कोठे झाले यापेक्षा त्याच्या फळावर हक्क कोणाचा राहिला, यावर श्रीमंत आणि गरीब देशांतील अंतर अधिक अवलंबून असते, हे मुंबईच्या उपनगरांतील औषध उद्योगाच्या इतिहासातून स्पष्ट होते. स्विस कंपनी सिबाने १९६३ मध्ये गोरेगावला आणि पुढे जर्मन कंपनी हेक्स्टने मुलुंडला संशोधन केंद्र उभारले. मुलुंडच्या केंद्रात सत्तरच्या दशकात कोलियस वनस्पतीच्या मुळांतून फोर्सकोलिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि पेशींतील संदेशवहनाच्या अभ्यासासाठी ते जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाऊ लागले. मात्र संशोधन मुलुंडचे असले तरी मालकी कंपनीचीच होती.

१९११ च्या कायद्यानुसार पेटंट, म्हणजे शोधाच्या वापराची ठरावीक मुदतीची मक्तेदारी, १६ वर्षे टिकत असे आणि भारतातील बहुतेक पेटंटे परकीयांच्या हाती असल्याचे न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालात नोंदलेले आहे. १९७० चा कायदा १९७२ पासून लागू झाला, तेव्हा औषधाच्या रेणूवरील पेटंट रद्द होऊन केवळ ते बनवण्याच्या कृतीवरील पेटंट, तेही फार तर ७ वर्षांचे, शिल्लक राहिले. परिणामी तोच रेणू वेगळ्या रासायनिक मार्गाने बनवणे कायदेशीर ठरले. या कामाला नक्कल म्हणून हिणवले जाते, परंतु कमी खर्चाचा नवा मार्ग शोधणे हेही कसाचे रसायनशास्त्रच आहे.

१९३५ मध्ये स्थापन झालेल्या आणि विक्रोळीत कारखाना असलेल्या सिप्लाने या मुभेचा पुरेपूर उपयोग केला. एड्सवरील तीन औषधांच्या उपचारांसाठी श्रीमंत देशांत वर्षाला दहा हजारांहून अधिक डॉलर मोजावे लागत असताना, फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे प्रमुख युसुफ हमीद यांनी ती औषधे ‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’ या वैद्यकीय संघटनेला प्रतिरुग्ण वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. ट्रायोम्यून या गोळीत ती तिन्ही एकत्र आली. अन्यत्र त्यांची पेटंटे वेगवेगळ्या कंपन्यांकडे असल्याने असा मेळ बसणे अवघड होते.

आफ्रिकेतील एड्सच्या रुग्णांचे उत्पन्न या स्वस्त औषधांमुळे वाढले नाही, पण त्या उत्पन्नात जगणे शक्य झाले, आणि विषमतेच्या हिशेबात ही बाब सहसा धरली जात नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी २००५ पासून रेणूवरील पेटंट भारतात परत आले. ट्रायोम्यूनमधील औषधांचे शोध १९९५ पूर्वीचे असल्याने ती त्यातून सुटली, नंतरच्या औषधांना मात्र ती मोकळीक राहिली नाही.