संगणकीय बांधणीतील शब्दबाहुल्य आणि संक्षेप : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मानवाने लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत रूपांतरित करणाऱ्या साधनास ‘कंपायलर’ म्हणतात. आज्ञावली अनेक फाइल्समध्ये विभागलेली असल्यास हे काम बांधणी-प्रणाली क्रमाने करवून घेते व त्याचा वृत्तान्त पडद्यावर छापते. हा वृत्तान्त लांबला की त्यातील महत्त्वाचा इशारा नजरेआड होतो. तो किती असावा, या प्रश्नाचा इतिहास प्रस्तुत लेखात मांडला आहे.

विवेचन :
१९७६ मध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये ‘मेक’ हे साधन निर्माण केले. प्रत्येक आज्ञा पार पाडण्यापूर्वी ती जशीच्या तशी छापणे ही त्याची रीत होय. १९७८ मध्ये डग्लस मॅकिलरॉय प्रभृतींनी युनिक्सची तत्त्वे मांडताना अनावश्यक माहितीचा भरणा टाळावा, असे सुचविले. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.६ आवृत्तीच्या बांधणीत लांबलचक आज्ञेऐवजी ‘सीसी’ हे लघुरूप व फाइलचे नाव एवढेच दिसे; संपूर्ण आज्ञा हवी असल्यास ‘व्ही=१’ असे लिहावे लागे. २००९ मध्ये ‘ऑटोमेक’च्या १.११ आवृत्तीने अशीच सोय इतर प्रकल्पांना उपलब्ध करून दिली.

डेबियनचे धोरण मात्र बांधणीचा वृत्तान्त शक्य तितका सविस्तर ठेवण्यास सांगते. तेथे बांधणी दूरच्या संगणकांवर होते; सुरक्षेचे पर्याय खरोखर वापरले गेले काय, हे मागाहून नोंदीवरूनच तपासता येते.

हा विरोध वरवरचा आहे. मराठी दप्तरपरंपरेत रोजकीर्दीत दैनंदिन नोंदी असत, तर तेरजेत त्यांचा गोषवारा. गोषवारा वाचण्यास सोयीचा खरा. परंतु आकडा पडताळायचा झाल्यास रोजकीर्दच उघडावी लागते. पडदा ही तेरीज आणि जतन केलेली नोंद ही रोजकीर्द, असे मानल्यास दोन्ही गरजा भागतात.

निष्कर्ष :
संक्षेप आज्ञांचा असावा, इशाऱ्यांचा नव्हे. इशारे दडपल्याने पडदा स्वच्छ होतो, दोष मात्र कायम राहतो. मराठी माध्यमातून शिकून आलेल्या साकोली परिसरातील विद्यार्थ्यास इंग्रजी ओळींच्या गर्दीत नेमकी चूक शोधणे दुहेरी कष्टाचे ठरते. म्हणून अध्यापकांनी संपूर्ण आज्ञा एकदा उलगडून दाखवावी, तदनंतरच संक्षिप्त रूपाचा अवलंब करावा. त्यायोगे विद्यार्थी दडलेल्या प्रक्रियेस अपरिचित राहणार नाही.