अन्नविषाची नोंदवही

अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण जर्मनीतील वुर्टेम्बर्ग प्रांतात एक चमत्कारिक दुखणे अधूनमधून डोके वर काढू लागले. एखाद्या कुटुंबाने रात्री एकत्र जेवावे, आणि एक-दोन दिवसांत त्यातील चार-दोन माणसांना एका वस्तूच्या ठिकाणी दोन दिसू लागाव्यात. पापण्या उघडेनाशा होत. तोंडाला कोरड पडे. गिळता येत नसे, बोलता येत नसे. ताप नसे. शुद्ध मात्र शेवटपर्यंत कायम असे, आणि अखेर श्वास बंद पडून रोगी दगावे. १७९३ साली विल्डबाड या गावी १३ माणसांना ही बाधा झाली व त्यांपैकी ६ मरण पावली.

संशय होता तो सॉसेजवर. डुकराचे मांस व रक्त जनावराच्या आतड्यात किंवा जठरात भरून, त्यास धुरी देऊन, ते बेगमीचे अन्न म्हणून टिकविण्याची तिकडची जुनी चाल. १८०२ साली स्टुटगार्टच्या सरकारने धुरी दिलेल्या रक्तमिश्रित सॉसेजपासून जपण्याविषयी जाहीर सूचना काढली. परंतु सूचना काढणे निराळे आणि कारण समजणे निराळे. कारणाच्या शोधाचा पाया घातला तो युस्टिनुस केर्नर या जिल्हा वैद्यकीय अधिकाऱ्याने.

केर्नर हा जर्मन साहित्यात कवी म्हणून प्रसिद्ध आहे. तथापि त्याच्या सरकारी कामाची थोरवी त्याच्या काव्याहून उणी म्हणता येणार नाही. त्याने गावोगावच्या रोग्यांची हकीकत जमविली. कोणी काय खाल्ले, किती खाल्ले, किती तासांनी दुखणे जाणवले, कोणते लक्षण आधी व कोणते मागाहून दिसले, हे सारे तो टिपून ठेवी. १८२० साली त्याने ७६ रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला; दोनच वर्षांनी ही संख्या १५५ झाली. जंतुशास्त्राचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. तरीदेखील या टिपणांच्या बळावर केर्नरने काढलेले निष्कर्ष आजही टिकून आहेत. हे विष हवा न लागलेल्या सॉसेजमध्ये तयार होते. ते मज्जातंतूंकडून स्नायूंकडे जाणारा संदेश अडविते. आणि त्याची अत्यल्प मात्राही प्राणघातक असते. त्याने विषाचा अर्क स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहिला. एवढेच नव्हे, तर अनावर हालचालींच्या विकारावर याच विषाचा औषध म्हणून उपयोग होऊ शकेल, असेही त्याने सुचविले. १९८९ साली अमेरिकेत पापण्यांच्या आकडीवर व तिरळेपणावर हे औषध अधिकृतपणे मान्य झाले, तेव्हा त्या सूचनेस दीड शतकाहून अधिक काळ लोटला होता. सॉसेजला लॅटिन भाषेत ‘बोटुलुस’ म्हणतात. त्यावरून या रोगास बॉट्युलिझम हे नाव पडले.

विष कोण निर्माण करते, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास १८९५ सालचा डिसेंबर उजाडावा लागला. बेल्जममधील एलझेल या खेड्यात एका वृद्धाच्या अंत्यविधीस गावचे वाद्यपथक आले होते. विधी आटोपल्यावर ३४ वादकांनी मिठाच्या पाण्यात मुरविलेले, न शिजविलेले डुकराचे मांस खाल्ले. अनेकजण आजारी पडले आणि तिघे मरण पावले. घेंट येथील प्राध्यापक एमिल व्हान एर्मेंगेम याने शिल्लक राहिलेले मांस आणि मृताची प्लीहा, दोहोंतूनही एकच जंतू वेगळा काढला. हवेवाचून वाढणारा, प्रतिकूल काळात कठीण कवचाच्या बीजाणूचे रूप घेऊन मातीत वर्षानुवर्षे पडून राहणारा असा तो जंतू होता. केर्नरचे टिपण आणि एर्मेंगेमची परीक्षानळी यांची येथे गाठ पडली.

या जंतूची खोड अशी की, त्याचे विष नाजूक आहे पण बीज चिवट आहे. अन्न ८५ अंश सेल्सिअसला पाच मिनिटे तापविले तर विष नष्ट होते. बीजाणू मात्र नुसत्या उकळीला दाद देत नाहीत. म्हणूनच डबाबंद अन्नाचा प्रसार होताच धोक्याने नवे रूप घेतले. अपुरा तापविलेला डबा एकदा बंद झाला, की हवा बाहेर राहते, बीजाणू आत राहतो, आणि त्यास हवे तसे घर आयते मिळते. १९१९-२० साली कॅलिफोर्नियाच्या पिकलेल्या ऑलिव्ह फळांनी ओहायो, मिशिगन अशा दूरदूरच्या राज्यांत बळी घेतले. त्या फळांवरील विश्वास उडाला आणि मग कारखानदारांनाच शास्त्रज्ञांचा दरवाजा ठोठवावा लागला. कार्ल मायर व त्याचा सहकारी एस्टी यांनी १९२२ साली बीजाणू किती उष्णतेत किती वेळ तग धरतो, याचे मोजमाप प्रसिद्ध केले. १२१ अंशांस सुमारे तीन मिनिटे, हे आंबटपणा कमी असलेल्या डबाबंद अन्नाचे प्रमाण त्याच मोजमापातून आले. १९२५ साली कॅलिफोर्नियाने डबाबंदीच्या कारखान्यांच्या तपासणीचा कायदा केला.

त्याच १९२२ सालच्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात लॉख मारी या सरोवराकाठच्या उपाहारगृहातील पाहुणे मासेमारीस निघाले. बरोबर शिदोरी होती ती रानबदकाच्या मांसाचे वाटण लावलेल्या पावाची. आठवड्याभरात सहा पाहुणे व त्यांचे दोन वाटाडे, असे आठजण मृत्युमुखी पडले. वाटणाची रिकामी बरणी सुदैवाने फेकून दिली गेली नव्हती. तिच्या तळाशी चिकटलेल्या अंशात प्रयोगशाळेला विष सापडले. वासाने, रंगाने वा चवीने ज्याचा पत्ता लागेलच असे नाही, त्याची साक्ष एका रित्या बरणीने दिली.

या साक्षीची परीक्षा कशी घेतात, हेही जाणण्याजोगे आहे. संशयित अन्नाचा अर्क किंवा रोग्याच्या रक्ताचा जलांश उंदरांना टोचतात. एक भाग जसाच्या तसा, दुसरा तापवून, तिसरा प्रतिविष मिसळून. पहिले उंदीर मरावेत आणि प्रतिविष मिळालेले वाचावेत, म्हणजे विष सिद्ध झाले आणि कोणत्या प्रतिविषाने ते मारले गेले यावरून त्याचा प्रकारही ठरला. परंतु या परीक्षेस चार दिवसांपर्यंत अवधी लागतो, आणि रोग्याजवळ तेवढा वेळ नसतो. रक्तात फिरणारे विष तेवढे प्रतिविष निकामी करते. मज्जातंतूंवर एकदा बसलेला घाव ते भरून काढू शकत नाही. म्हणून वैद्याने निकालाची वाट न पाहता लक्षणांवरूनच निर्णय घ्यावयाचा, आणि त्याच घटकेस आरोग्यखात्यास कळवावयाचे, हा आज मान्य झालेला शिरस्ता होय.

कळविण्याचे महत्त्व २००७ साली अमेरिकेत दिसून आले. टेक्सासमध्ये काही रोगी आणि शेकडो मैलांवरील इंडियानात काही. दोन्हीकडील वैद्यांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. पण दोन्ही नोंदी एका मध्यवर्ती ठिकाणी येऊन मिळाल्या आणि एकाच प्रकारचा डबाबंद सॉस उघडकीस आला. साथीतील रोगी ओहायो धरून आठच होते. इतर रोगांत आठ ही संख्या किरकोळ ठरावी. या रोगात एक रोगी हीच साथ समजावी लागते, कारण तसलाच दुसरा डबा कोणाच्या फडताळात असेल हे सांगता येत नाही. साल्मोनेलासारख्या जंतूंची गोष्ट उलट असते. रोगी पुष्कळ, पण कोणाचा संबंध कोणाशी हे कळत नाही. त्यासाठी १९९६ पासून अमेरिकेतील प्रयोगशाळा जंतूंच्या आनुवंशिक खुणा एकमेकींशी ताडून पाहू लागल्या.

हा धोका केवळ मांसाहारी वा डबाबंद अन्न खाणाऱ्या देशांचा आहे, असे मानणे मात्र चुकीचे होईल. १९९६ साली गुजरातमधील एका निवासी शाळेतील ३४ विद्यार्थी रुग्णालयात दाखल झाले. तपासात संशयाची सुई वळली ती बेसनाच्या शेवेकडे, आणि तिच्यात सापडलेल्या, बॉट्युलिझमचेच विष निर्माण करू शकणाऱ्या एका भावंड-जंतूकडे. लोणच्याचा आंबटपणा व मीठ या जंतूस वाढू देत नाहीत, हा पूर्वजांचा अनुभव खरा आहे. पण सगळेच पदार्थ काही लोणचे नव्हेत.

भारतात २००४ साली रोगांवर एकत्रित देखरेख ठेवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात वैद्यांना अन्नविषबाधेची वर्दी देण्यास भाग पाडण्याची तरतूदही आहे. कायदा, प्रयोगशाळा आणि प्रतिविष ही तिन्ही साधने मोलाची खरी. परंतु तालुक्याच्या दवाखान्यात रात्री आलेल्या रोग्याच्या मिटू लागलेल्या पापण्या पाहून कोणीतरी ‘काल काय खाल्ले?’ असे विचारावे लागते, मिळालेले उत्तर लिहून ठेवावे लागते, आणि ते वर कळवावे लागते. केर्नरने दोनशे वर्षांपूर्वी केले ते एवढेच. ते एक पान कोरे राहिले, तर पुढची सारी यंत्रणा आंधळी ठरते.