गाड्यांवांचून रिसाला

जय मिळविणाऱ्या सैन्यांच्या बखरी पुष्कळ होतात. ज्यांना नेमलेलें काम करण्याची संधीच मिळाली नाहीं, त्यांची आठवण सहसा कोणी काढीत नाहीं. अशाच एका ब्रिटिश पलटणीची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

डंकर्कच्या माघारीनंतर, जानेवारी १९४१ मध्यें, इंग्रजांनीं 'रेकॉनिसन्स कोअर' हें टेहळणीचें स्वतंत्र दल उभारलें. सैन्याच्या पुढें धांवून शत्रूचा माग काढणें हें मूळचें घोडदळाचें काम. आतां घोड्यांच्या जागीं हलक्या चिलखती गाड्या व मोटारसायकली आल्या. लॉयल रेजिमेंटची पांचवी पलटण, बोल्टन गांवची, त्याच वर्षीं या दलांत घेण्यांत आली व अठराव्या डिव्हिजनची टेहळणी तिच्याकडे सोंपविली गेली.

डिव्हिजन निघाली होती मध्यपूर्वेकडे. वाटेंत असतांनाच जपान युद्धांत उतरलें, आणि तिचा बराच भाग डिसेंबरअखेर मुंबईस आला. अहमदनगरास (हल्लींचें अहिल्यानगर) त्यांतील बऱ्याच सैन्याचा मुक्काम पडला. पण तो कांहीं आठवड्यांचाच. जानेवारींत आमची ही पलटण मुंबईहून 'एम्प्रेस ऑफ एशिया' या कोळशावर चालणाऱ्या जुन्या आगबोटींतून सिंगापुराकडे निघाली.

५ फेब्रुवारी १९४२ रोजीं, बंदर अगदीं नजरेच्या टप्प्यांत आलें असतां, जपानी विमानांनीं ती बोट पेटविली. 'यारा' या ऑस्ट्रेलियन युद्धनौकेनें तिला भिडून हजाराहून अधिक माणसें उतरवून घेतलीं. प्राणहानि त्या मानानें थोडी झाली. गाड्या, शस्त्रें, सामानसुमान मात्र समुद्रांत गेलें.

येथें आम्हांस एक प्रश्न पडतो. मलायाची मुख्य भूमि ३१ जानेवारीसच सोडलेली, बेटाला जोडणारा बांध उडविलेला. अशा कोंडलेल्या बेटांत टेहळणी पलटण पाठवून काय साधणार होतें? गाड्या वांचल्या असत्या, तरी त्यांना धांवण्यास रान कोठें होतें? हा दोष सैनिकांचा नव्हे, पाठविणाऱ्यांचा, असेंच आम्हांस वाटतें.

मग मागून आणलेल्या बंदुका घेऊन ती पायदळासारखी लढली. ११ तारखेस बुकित तिमा गांव परत घेण्याच्या निष्फळ प्रयत्नांत ती होती. १५ तारखेस सिंगापूर शरण गेलें.

जून १९४२ मध्यें या दलानें घोडदळाची परिभाषा स्वीकारली: पलटणींच्या 'रेजिमेंट' झाल्या, कंपन्यांचे 'स्क्वाड्रन' झाले. बोल्टनचे हे सैनिक तेव्हां जपान्यांच्या कैदेंत होते, आणि सयाम-ब्रह्मदेश रेल्वेचें काम त्यांतील पुष्कळांच्या वाट्यास यावयाचें होतें.