साथरोग सर्वेक्षण, बुलढाणा जिल्हा

ऋतुमानानुसार उद्भवणाऱ्या आजारांवर आरोग्य खाते ठेवत असलेली नजर. अमरावती विभागातल्या या जिल्ह्याचे तालुके १३, पण बोलण्यात भाग दोनच: अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा घाटावरचा आणि पूर्णेच्या खोऱ्यातला घाटाखालचा. सर्वेक्षणाचा हिशोब मात्र अख्खा जिल्हा धरून मांडला जातो, आणि खरी उणीव तिथेच आहे. जिल्ह्याचे मुख्यालय बुलढाणा शहर घाटावर असल्याने उन्हाळ्यात त्याचा पारा बहुधा शेजारच्या, कडक उन्हासाठी ओळखल्या जाणाऱ्या अकोल्यापेक्षा खाली राहतो. घाटाखालच्या शेगाव-नांदुऱ्याचा उन्हाळा मात्र अकोल्याच्या वळणाचा. मुख्यालयाच्या आकड्यावरून तिथल्या शेतमजुराच्या उष्माघाताचा अंदाज बांधणे म्हणूनच फसवे ठरते.

एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम देशात २००४ साली सुरू झाला. त्यात आरोग्य उपकेंद्र संशयित रुग्ण कळवते, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर लक्षणांवरून निदान नोंदवतात, प्रयोगशाळा शिक्कामोर्तब करते. पावसाळ्यातला गॅस्ट्रो, कावीळ, डेंग्यू यांसाठी ही साखळी उपयोगाची आहे. गावात जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकलेल्या पाण्याची ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी करतो: द्रावण पडताच नळीतले पाणी पिवळे झाले, की क्लोरीन आहे. पण घाटाखालच्या खारपाणपट्ट्यात त्या पिवळ्या रंगाने क्षार किंवा नायट्रेट यांबद्दल काहीच कळत नाही. उन्हात घाम गाळून खारे पाणी पिणाऱ्यांच्या मूत्रपिंडाच्या तक्रारी तिथे जुन्याच. वर्षानुवर्षे मुरणारा हा विकार साथीच्या तक्त्यात उमटणार तरी कसा?

तक्त्याबाहेरचे दुसरे उदाहरण: डिसेंबर २०२४च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस झपाट्याने गळू लागले. आधी पाण्याकडे बोट दाखवले गेले, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली, पुढे वैद्यकीय संशोधक डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे लक्ष वेधले. याचा हवामानाशी काय संबंध, हा आक्षेप रास्तच आहे. पण मुद्दा कारणाचा नाही. तक्त्यात ज्या आजाराला रकानाच नाही, त्याची चाहूल यंत्रणेला कशी लागावी, हा आहे. आशाताईंवर आधीच नोंदींचा डोंगर आहे, हे दुसरे म्हणणेही खोटे नाही. मात्र इथे रकाने वाढवायचे नाहीत. असलेलीच आकडेवारी घाटावर-घाटाखाली अशी वेगळी वाचणे हे जिल्हा कार्यालयातले काम आहे, आणि ‘गावात काहीतरी वेगळे घडते आहे’ एवढे कळवायला एक फोन पुरतो; त्या फोनची दखल कोण घेणार, तेवढे आधी ठरलेले हवे.