क्विक रिलीजचे चाक : फिरवण्याआधी ओळखावे

सायकलचे चाक काढायचे म्हणजे पाना हवा, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली आहे. साध्या काळ्या सायकलच्या चाकाला दोन्ही बाजूंनी नट असतात. ते सैल केले की चाक हाती येते. गिअरच्या अनेक सायकलींवर मात्र नटांच्या जागी एका बाजूला बोटभर लांबीचा दांडा आणि दुसऱ्या बाजूला लहानशी गोल टोपी दिसते. हीच ‘क्विक रिलीज’ रचना होय. ती प्रथमच हाताळणारा माणूस बहुधा एकच चूक करतो : दांड्याला नट समजून तो गोल फिरवू लागतो. चाक काढताना या चुकीने फार तर वेळ वाया जातो. बसवताना मात्र तीच चूक जिवावर बेतू शकते.

मूळ इटलीत

या रचनेच्या जन्माशी इटालियन सायकलपटू तुल्लिओ कॅम्पान्योलो यांचे नाव जोडले जाते. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी एका शर्यतीत क्रोचे द’औने खिंडीची बर्फाळ चढण चढताना त्यांना मागचे चाक काढायचे होते. त्या काळी गिअर बदलण्यासाठी चाक उलटे करून बसवावे लागे. थंडीने बधिर झालेल्या बोटांना नट दाद देईनात आणि शर्यत हातची गेली, अशी कथा सांगितली जाते. तिच्या तपशिलांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कॅम्पान्योलो यांनी १९३३ मध्ये विचेन्झा येथे सुरू केलेल्या कारखान्याने मात्र ही रचना शर्यतींच्या जगात रूढ केली, हे निश्चित.

रचना कशी असते?

चाकाचा एक्सल पोकळ असतो आणि त्यातून सुमारे ५ मिलिमीटर जाडीची सळई आरपार जाते. सळईच्या एका टोकाला आटे असून त्यावर टोपीसारखा नट बसतो; दुसऱ्या टोकाला दांडा असतो. दांड्याच्या मुळाशी कॅम, म्हणजे मध्यापासून किंचित बाजूला सरकवलेली चकती दडलेली असते. दांडा दाराच्या कडीप्रमाणे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वळवला की ही चकती सळईला ओढते आणि चिमट्याची दोन्ही टोके एक्सलवर घट्ट आवळली जातात. पकड येते ती या ओढीमुळे, दांडा गोल फिरवल्यामुळे नव्हे. नट फक्त ओढ किती असावी हे ठरवतो.

चाक काढताना

रिमवर दाबणारे ब्रेक असतील, तर प्रथम त्यांची पकड सैल करावी. अन्यथा फुगलेला टायर ब्रेकच्या रबरांत अडकतो. मागचे चाक काढायचे असल्यास चेन आधी सर्वांत लहान चक्रावर आणावी. मग दांडा बाहेरच्या बाजूस ओढून पूर्ण उलटा करावा.

एवढे करूनही पुढचे चाक सुटत नाही, तेव्हा नवखा माणूस गोंधळतो. अनेक सायकलींत चिमट्याच्या टोकांना लहान कडा ठेवलेल्या असतात. दांडा चुकून उघडला तरी चाक लगेच निखळू नये, हा त्यांचा हेतू. अशा वेळी दांडा एका हाताने स्थिर धरून दुसऱ्या बाजूचा नट काही फेरे सैल करावा. नट पूर्ण काढू नये. सळईवरच्या दोन छोट्या शंकूच्या आकाराच्या स्प्रिंगा तेथेच हरवतात. डिस्क ब्रेक असल्यास नुकत्याच वापरलेल्या चकतीला हात लावू नये, ती पोळते. शिवाय चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नये, कारण मग आतील पट्ट्या एकमेकींच्या जवळ येतात आणि चाक पुन्हा बसत नाही.

दांडा वेगळाच दिसला तर

सर्वच दांडे एका जातीचे नसतात. डिस्क ब्रेक असलेल्या अनेक नव्या सायकलींवर ‘थ्रू-एक्सल’ असतो. यात १२ किंवा १५ मिलिमीटर जाडीचा एक्सलच चिमट्यात आटे पाडून बसवलेला असतो. येथे दांडा असलाच, तर तो उघडून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावा लागतो आणि एक्सल पूर्ण बाहेर काढावा लागतो. काही प्रकारांत दांड्याऐवजी षटकोनी भोक असते. तेथे ॲलन की लागते. चोरी टाळण्यासाठी केलेल्या काही रचनांना त्यांचीच खास किल्ली लागते, तर काहींची टोपी सायकल आडवी केल्यावरच उघडते. म्हणून हाताच्या बेताच्या जोराने काही हलले नाही, तर हातोडी शोधू नये; दांड्यावरील बाण आणि अक्षरे आधी पाहावीत.

बसवताना खरी परीक्षा

सायकल जमिनीवर उभी ठेवून एक्सल दोन्ही खाचांत पूर्ण बसला आहे, याची खात्री करावी. दांडा मिटवत आणताना तो एक्सलच्या सरळ रेषेत आला की प्रतिकार जाणवू लागला पाहिजे. त्याआधी जाणवला तर नट थोडा सैल, नंतर जाणवला तर थोडा घट्ट करावा. योग्य पकड असेल, तर दांडा मिटल्यावर त्याचा वळ तळहातावर क्षणभर राहतो. डिस्क ब्रेकच्या बाबतीत ही दक्षता अधिकच हवी, कारण पुढचा ब्रेक दाबताना बहुतेक चिमट्यांत एक्सलवर खाचेतून बाहेर ढकलणारा जोर येतो.

हा इशारा कागदी नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीने तेथे विकलेल्या सुमारे ९ लाख सायकली दुरुस्तीसाठी परत मागवल्या. उघडा राहिलेला दांडा पुढच्या ब्रेकच्या चकतीत अडकू शकत होता. नोंदवल्या गेलेल्या तीन अपघातांपैकी एकात सायकलस्वाराचे हातपाय कायमचे लुळे पडले.

चाक बसल्यावर सायकल पुढून उचलून टायरवर वरून थाप मारावी, चाक मोकळे फिरवून पाहावे आणि सैल केलेला ब्रेक पुन्हा जोडावा. सायकल बाहेर उभी करून परतल्यावरही दांड्याकडे एक नजर टाकावी. जो दांडा एका झटक्यात मालकाला उघडता येतो, तो येणाऱ्याजाणाऱ्या कोणालाही तितक्याच सहज उघडता येतो.