लखनौचे दोन प्रक्षेपक आणि एक फसवे नाव

ऑक्टोबर १९२४ मध्ये लंडनच्या मिल हिल शाळेतील सेसिल गॉयडर या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने न्यूझीलंडच्या फ्रँक बेल यांच्याशी बिनतारी संपर्क साधला. ब्रिटन आणि न्यूझीलंड यांच्यातील तो पहिला दुतर्फा रेडिओसंवाद. बारा वर्षांनी हेच गॉयडर ऑल इंडिया रेडिओचे मुख्य अभियंता म्हणून भारतात आले आणि त्यांच्या कारकिर्दीत, २ एप्रिल १९३८ रोजी, लखनौ केंद्र सुरू झाले.

आज प्रक्षेपक बांधायला बसलेल्या विद्यार्थ्यापुढे जो प्रश्न लगेच उभा राहतो, तो त्या पिढीच्या मध्यमलहरी केंद्रांना फारसा छळत नसे: केबलच्या टोकाला कोणता कनेक्टर लावावा? लखनौच्या ७४७ किलोहर्ट्झ लहरीची तरंगलांबी सुमारे ४०० मीटर आहे. एवढ्या लांब लहरीला दोन सेंटिमीटरचा जोड जवळपास दिसतच नाही. तो घट्ट बसावा, तापू नये, त्यात ठिणगी पडू नये, इतके पुरते.

वारंवारिता वाढू लागली तसे चित्र पालटले. १९३०च्या दशकात अमेरिकेतील अँफेनॉल कंपनीच्या क्लार्क क्वॅकेनबुश यांनी एक आटोपशीर, आट्यांचा कनेक्टर घडवला. तीस मेगाहर्ट्झच्या वरचे सारेच तेव्हा ‘अतिउच्च’ वाटे. म्हणून त्याचे नाव पडले यूएचएफ. पुढे यूएचएफ म्हणजे ३०० ते ३००० मेगाहर्ट्झ अशी व्याख्या रूढ झाली, पण कनेक्टरचे नाव बदलले नाही. ज्या पट्ट्याचे नाव तो मिरवतो, नेमक्या त्याच पट्ट्यात तो भरवशाचा नाही! स्वस्त आणि दणकट असल्याने प्रयोगशाळांच्या खणांत तो आजही सापडतो, आणि नावावर विसंबणारा फसतो.

दोष त्याच्या अंतरंगात आहे. केबलचा इंपीडन्स ५० ओहम असतो. हवेने भरलेली केबल सर्वाधिक शक्ती ३० ओहमच्या आसपास वाहते, तर सर्वांत कमी क्षय ७७च्या आसपास होतो. पन्नास ही त्यांतली तडजोड. यूएचएफ कनेक्टर घडवताना मात्र हा आकडा सांभाळलेला नाही. आत तो पस्तीसच्या आसपास घसरतो. असा ३५ ओहमचा तुकडा पाव तरंगलांबीइतका झाला, तर गणिताने सुमारे १२ टक्के शक्ती परत फिरते. मध्यमलहरीवर पाव तरंगलांबी म्हणजे १०० मीटर. तिथे चिंता नाही. दोन गिगाहर्ट्झवर, प्लास्टिक भरलेल्या कनेक्टरात, ती अडीच सेंटिमीटरच्या घरात येते, म्हणजे जवळपास कनेक्टरच्याच लांबीइतकी. परतलेली शक्ती प्रक्षेपकाच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरवर येऊन आदळते, आणि बहुधा सर्वांत महागडा भाग तोच असतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारने हा प्रश्न ऐरणीवर आणला. बेल लॅब्जच्या पॉल नील यांनी सर्वत्र ५० ओहम राखणारा एन कनेक्टर रचला. नील आणि कार्ल काँसेलमन यांच्या नावांतून पुढे बीएनसी हे नाव आले, जरी त्याचे पेटंट १९५१ मध्ये ऑक्टेव्हिओ सलाटी यांना मिळाले. श्रेय आणि नाव एकाच घरी जातेच असे नाही. १९६०च्या दशकात इवलासा एसएमए रूढ झाला. तो १८ गिगाहर्ट्झपर्यंत चालतो, मात्र शेकडो वेळा जोडून-काढून झिजतो.

इस्रोच्या इस्ट्रॅक या जाळ्याचे एक भूस्थानक लखनौतच आहे. तिथून उपग्रहांशी संवाद एस-बँडमध्ये, म्हणजे दोन गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. मध्यमलहरीच्या ४०० मीटरांच्या जागी इथे तरंगलांबी वीतभरही उरलेली नाही. शहर तेच, हवाही तीच. या हवेचा हिशेब कनेक्टर निवडताना आवर्जून करावा लागतो, कारण यूएचएफ कनेक्टर पाणी अडवत नाही. एनमध्ये रबरी कडे असते.

तेव्हा १४४ मेगाहर्ट्झच्या हौशी पट्ट्यासाठी, छपराखाली, यूएचएफ चालून जाईल. ४३५ वर बीएनसी किंवा एन घ्यावा. गच्चीवरच्या अँटेनाला आणि जास्त शक्तीला एनच. एसएमए पेटीच्या आत, जिथे रोज हात लागणार नाही. पावसाळ्याआधी एनवरही जलरोधक टेप गुंडाळावी.