मनगटाच्या दुखण्याला नाव मिळालं, त्याची गोष्ट



आपल्याकडे म्हणतात, अमक्याचं हातावर पोट आहे. आपल्यापैकी बहुतेकींचं तसंच आहे. आणि हातावरचं हे पोट तोललेलं असतं मनगटावर. भाकरी थापायची, धुणं पिळायचं, खुरपायचं, कापूस वेचायचा, धार काढायची, विड्या वळायच्या, मशीनवर कपडे शिवायचे. यातलं एकही काम मनगटाशिवाय होत नाही.

हे मनगट दुखायला लागलं की आपण तेल चोळतो, फडकं बांधतो आणि अंगावर काढतो. फारच झालं तर दवाखाना गाठतो. तिथे फोटो काढतात. फोटो चांगला येतो. मग ऐकायला मिळतं, "हाड ठीक आहे, काही नाही." घरी आल्यावर घरचेही म्हणतात, "डॉक्टरच म्हणाले ना काही नाही!" त्या दिवसापासून बाईचं दुखणं म्हणजे बहाणा ठरतो.

आज मी तुम्हाला या "काही नाही"चा इतिहास सांगणार आहे. मनगटाच्या दुखण्यांना नावं कशी मिळाली, ती मिळायला किती वर्षं लागली, आणि त्यातून आपण काय घ्यायचं, हे बघू.

गोष्ट सुरू होते इटलीत. बर्नार्डिनो रामाझिनी नावाचे एक वैद्य होते. त्यांनी १७०० साली कामकऱ्यांच्या आजारांवर एक पुस्तक लिहिलं. १७१३ साली ते वाढवून पुन्हा छापलं. त्यात पन्नासहून जास्त धंद्यांची माहिती होती. खाणकामगार होते, कुंभार होते, तशा धुणं धुणाऱ्या बायका, सुइणी आणि दुसऱ्याच्या बाळाला दूध पाजणाऱ्या दायाही होत्या. तीनशे वर्षांपूर्वी बायकांच्या कामाला वैद्यकाच्या पुस्तकात स्वतंत्र पानं मिळाली, ही साधी गोष्ट नाही.

रामाझिनींचं सांगणं असं होतं की वैद्यानं गरिबाच्या घरी गेल्यावर उभ्या उभ्या नाडी बघून निघू नये. साध्या तिपाईवर का होईना, बसावं आणि नीट विचारावं. जुन्या काळापासून वैद्य जे प्रश्न विचारत आले त्यांत त्यांनी एका प्रश्नाची भर घातली: तुम्ही काम काय करता?

या एका प्रश्नानं बरंच काही उलगडलं. दिवसभर लिखाण करणाऱ्या कारकुनांचे हात का दुखतात, हे त्यांनी शोधलं. सतत बसून राहणं, हाताची एकाच तऱ्हेची न थांबणारी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावरचा ताण, अशी तीन कारणं त्यांनी दिली. त्यांच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात लिहून लिहून निकामी झाला. तो डाव्या हातानं लिहायला शिकला, तर काही दिवसांनी डाव्यालाही तेच झालं. म्हणजे दोष हाताचा नव्हता, कामाच्या पद्धतीचा होता.

आता जवळजवळ दोनशे वर्षं पुढे येऊ. १८९५ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या.

पहिली जर्मनीत. रोंटजेन या शास्त्रज्ञांना क्ष-किरणांचा शोध लागला. डिसेंबर महिन्यात त्यांनी आपल्या पत्नीचा, अ‍ॅना बर्था यांचा हात त्या किरणांसमोर धरला आणि फोटो घेतला. बोटांची हाडं आणि बोटातली अंगठी त्यात स्पष्ट दिसली. आज आपण ज्याला "एक्स-रे काढला" म्हणतो, त्याचा जगभर गाजलेला पहिला फोटो एका बाईच्या हाताचा आहे.

दुसरी गोष्ट स्वित्झर्लंडमधली. डी क्वेर्वेन नावाच्या शल्यवैद्यांनी पाच रुग्णांची हकिकत छापली. या सगळ्यांना अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येत होती. हाड मोडलेलं नव्हतं. मग दुखत काय होतं? परकराच्या नेफ्यातून नाडी ओवलेली असते ना, तसं समजा. अंगठा हलवणाऱ्या दोन दोऱ्या मनगटाजवळ एका नेफ्यातून जातात. डॉक्टर या दोऱ्यांना कंडरा म्हणतात. नेफा जाड झाला की नाडी अडकते, आणि पातेलं उचललं, पिळा दिला, बाळाला काखेतून वर घेतलं की कळ मस्तकात जाते. इंग्लंडमधल्या डॉक्टरांच्या पुस्तकात या दुखण्याला आधीपासूनच एक नाव होतं. त्याचा अर्थ होतो "धोबिणीची लचक". कोणत्या कामानं हे होतं, ते नावातच सांगितलेलं होतं.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवा. एक्स-रे दाखवतो हाड, आणि हे दुखणं आहे दोरीत. म्हणून फोटो चांगला आला तरी बाई खोटी ठरत नाही. पुढे १९२७ ते १९३० या काळात डॉक्टरांनी यासाठी एक तपासणी रूढ केली. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीच्या बाजूला वाकवायचं आणि नेमकं कुठे दुखतं ते बघायचं. त्याला ना वीज लागते ना यंत्र. लागतात फक्त डॉक्टरांचे हात आणि दोन मिनिटं. मात्र घरी कुणी जोर लावून हे करू नये. चांगला हातही जोरानं वाकवला तर दुखतो.

दुसऱ्या एका दुखण्याची गोष्ट याहून लांब आहे. रात्री झोपेत हाताला मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, बाई उठून बसते, हात झटकते आणि मग जरा बरं वाटतं. आपल्या गटांमध्ये विचारलं तर किती हात वर होतील, ते मला माहीत आहे.

१८८० साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात डॉक्टर जेम्स पटनम यांनी अशा ३७ जणांची नोंद छापली. त्यांत बहुतेक बायका होत्या. रात्रीचं जागं होणं, हात लोंबता सोडल्यावर किंवा चोळल्यावर आराम पडणं, हे सगळं त्यांनी बायकांनी सांगितलं तसं लिहून ठेवलं. कारण मात्र त्यांना सापडलं नाही. दोष रक्तवाहिन्यांचा असावा, असं त्यांना वाटलं.

कारण दिसलं १९१३ साली, पॅरिसमध्ये. पियेर मारी आणि शार्ल फ्वा या डॉक्टरांनी मरण पावलेल्या ऐंशी वर्षांच्या एका बाईचं मनगट उघडून तपासलं. मनगटात आठ लहान हाडं असतात आणि त्यांच्यावरून एक जाड पट्टा गेलेला असतो. मध्ये बोगदा तयार होतो. त्या बोगद्यातून बोटांच्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. त्या बाईची नस पट्ट्याखाली दबून खराब झाली होती. वेळीच पट्टा कापला असता तर हात वाचला असता, असं त्यांनी लिहिलं.

पण याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढची कितीतरी वर्षं डॉक्टर अशा दुखण्याचं मूळ मानेजवळ शोधत राहिले. काही रुग्णांच्या तर तिथल्या बरगड्या काढल्या गेल्या. दुखणं मनगटात आणि शस्त्रक्रिया मानेपाशी!

शेवटी १९४७ साली लंडनच्या तीन डॉक्टरांनी सहा बायकांची हकिकत छापली. मनगटातला पट्टा कापला, नस मोकळी झाली आणि बायकांना आराम पडला. या तिघांत मार्सिया विल्किन्सन ही एक स्त्री डॉक्टर होती. यानंतर हे दुखणं डॉक्टरांमध्ये सर्वत्र ओळखलं जाऊ लागलं. त्याला कार्पल टनेल म्हणतात, म्हणजे मनगटाचा बोगदा. पटनम यांनी बायकांचं म्हणणं लिहून ठेवलं तेव्हापासून मोजा. १८८० ते १९४७, सदुसष्ट वर्षं झाली. बायका पहिल्यापासून खरंच सांगत होत्या. कारण सापडायला उशीर झाला.

नाव मिळालं की काय होतं? ब्रिटनमध्ये तारघरात दिवसभर तारा पाठवणाऱ्या लोकांच्या हाताला पेटके येत. १९०८ साली हा आजार भरपाई मिळणाऱ्या आजारांच्या यादीत आला. म्हणजे नावामागून हक्क आला. पण तो पगारी कामगारांना. घरात धुणं पिळणाऱ्या बाईचं नाव कुठल्या यादीत येणार?

याचं उदाहरण पुढे अमेरिकेतच दिसतं. १९५० नंतर जॉर्ज फेलन या शल्यवैद्यांनी मनगटाच्या बोगद्याचा आजार ओळखण्याची पद्धत सगळीकडे पोहोचवली. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण हा आजार कामामुळे होतो, असं ते मानत नव्हते. बहुसंख्य रुग्ण मध्यम वयाच्या बायका आहेत, त्या अंगमेहनतीची नोकरी करत नाहीत, मग कामाचा संबंध कसा, असा त्यांचा विचार होता. घरकाम हे काम आहे, हेच हिशोबात धरलं गेलं नाही. आज मात्र जोर लावून पुन्हा पुन्हा करायच्या हाताच्या कामानं धोका वाढतो, हे मान्य झालेलं आहे. गरोदरपण, मधुमेह आणि थायरॉइड यांमुळेही हे दुखणं होतं.

आपल्याकडे काय चालतं? आमच्या गटातल्या एका ताई दोन वर्षं मनगट घेऊन फिरत होत्या. दर वेळी केसपेपरवर त्यांच्या नावापुढे "गृहिणी" असं लिहिलं जाई. या गृहिणी पहाटे तीन म्हशींची धार काढतात, दिवसा खुरपायला जातात आणि संध्याकाळी दहा माणसांच्या भाकऱ्या करतात. हे कुणी विचारलं नाही, आणि त्यांनाही ते सांगण्यासारखं वाटलं नाही. चौथ्या ठिकाणी एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रात्री जाग येते का? दिवसभर काय काय करता?" निदानाची वाट तिथून सुरू झाली.

म्हणून मैत्रिणींनो, विचारायची वाट न बघता आपणच सांगायचं. दवाखान्यात जाण्याआधी पाच गोष्टी कागदावर लिहा किंवा मुलीकडून लिहून घ्या.

एक, नेमकं कुठे दुखतं. अंगठ्याकडे, करंगळीकडे, की मधोमध? बोट ठेवून दाखवा.

दोन, कधी दुखतं. रात्री, सकाळी उठल्यावर, की काम करताना?

तीन, मुंग्या किंवा बधिरपणा कोणत्या बोटांना येतो. मनगटाच्या बोगद्यातली नस अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते. करंगळी तिच्याकडे नाही.

चार, दिवसभरात हातानं कोणकोणती कामं करता. सगळी सांगा, घरातलीसुद्धा.

पाच, आधी पडला होता का, मधुमेह किंवा थायरॉइड आहे का, दिवस गेलेत का, नुकतंच बाळंतपण झालंय का.

काही खुणा दिसल्या तर थांबू नका. हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल आणि पहिला फोटो चांगला आला असेल, तरी दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवा. तिथल्या एका लहान हाडाची चीर पहिल्या फोटोत कधी कधी दिसत नाही. सकाळी दोन्ही मनगटं तासभर आखडलेली राहत असतील, सुजत असतील, तर संधिवाताची तपासणी करून घ्या. अंगठ्याखालचा मांसल भाग सपाट होत चालला, हातातून वस्तू सुटू लागल्या, तर नस दबतेय असं समजा आणि तालुक्याला किंवा जिल्हा रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना गाठा. नसेतून संदेश किती वेगानं जातो, हे मोजण्याची तपासणीही आता असते. मनगट लाल आणि गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशी जा.

उपचार डॉक्टर ठरवतील. कधी रात्री पट्टा बांधून भागतं, कधी इंजेक्शन लागतं, कधी लहानशी शस्त्रक्रिया. आणि हेही खरं की पहिल्या खेपेला प्रत्येकीच्या दुखण्याचं नाव सापडेलच असं नाही. तेव्हा कागद जपून ठेवा आणि पुन्हा जा. नाव सापडलं नाही म्हणजे दुखणं नाही, असं होत नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीनं आपल्या हातांची दिवसभराची कामं मोजून सांगा. जिचं मनगट दुखतं तिच्यासोबत गटातली एक जण दवाखान्यात जाईल, हे तिथेच ठरवा. सोबत कुणी असलं की "काही नाही" ऐकून बाई मुकाट्यानं परत येत नाही.